३१ मार्चनंतर भर दुपारी चावी खिशात

मालक, ट्रान्सपोर्टर, कारखान्यांचे डिस्पॅचवाले साहेब, गोदामवाले, बंदरातले एजंट आणि ‘माल कालच पोचायला हवा होता’ म्हणणारे व्यापारी, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. येत्या ३१ मार्चपर्यंत ट्रकच्या केबिनमधल्या उष्णतेचा बंदोबस्त करा. केला नाहीत, तर १ एप्रिलपासून ज्या दिवशी पारा चाळिशी ओलांडेल, त्या दिवशी दुपारी १२ ते ४ विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातल्या रस्त्यांवर आम्ही गाडी चालवणार नाही. गाडी ढाब्यावर, पंपावर नाहीतर एखाद्या कडुनिंबाखाली उभी असेल आणि चावी ड्रायव्हरच्या खिशात असेल. फोन केलात तर उचलू. ‘निघालास का?’ याचं उत्तर मात्र चार वाजून गेल्यावर मिळेल.

याला कोणी संप म्हणू नये. संप कसा असतो ते जानेवारी २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या, भाजीचे भाव चढले. त्या दोन दिवसांत ड्रायव्हर नावाचा माणूस असतो हे देशाला आठवलं. मे महिन्यात तो पुन्हा कोणाला आठवला नाही. या वेळी आम्ही दिवस मागत नाही, दिवसातले चार तास मागतो. तेही कायमचे नाहीत. केबिन नीट करा, तास तुमचे तुम्हाला परत.

आधी ऊन म्हणजे काय ते समजून घ्या, कारण ते बहुतेक मालकांना माहीतच नाही. टीव्हीवर ‘चंद्रपूर ४५’ असं दाखवतात तो आकडा सावलीतला असतो. पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, आत वारा खेळता, आणि त्यात थर्मामीटर. ट्रकची केबिन या पेटीच्या बरोबर उलट. वर पत्रा, समोर भिंतीएवढी काच आणि बुडाखाली इंजिन. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या चपट्या तोंडाच्या, म्हणजे केबिन थेट इंजिनवर बसवलेली. इंजिनातलं पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर खेळत असतं. बोनटवरचं रेक्झिन फाटलं, त्याखालचा फोम झिजला, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर चिरलं, की त्या उष्णतेला बाहेर पडायला दोन वाटा होतात. एक रेडिएटर आणि दुसरा ड्रायव्हर. रेडिएटरला पंखा असतो.

दुपारी तीनला नागपूरच्या वाडीहून निघून अमरावती-अकोल्याकडे जाऊन बघा. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला कललेला असतो, म्हणजे तो समोरच्या काचेतून आणि उजव्या खिडकीतून एकदमच आत येतो. ड्रायव्हर उजवीकडेच बसतो. आमच्यातल्या जुन्या माणसांचा उजवा हात डाव्या हातापेक्षा काळा असतो तो या रस्त्यांमुळे. आणि गाडी बंद करून उभी केली तर आणखी वाईट. उन्हात बंद काचांची गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते, आणि तासाभरात आतला पारा साठीकडे सरकू लागतो. तुमच्या गेटवर ‘नंबर लागेपर्यंत थांब’ असं वॉचमन सांगतो, तेव्हा तो आम्हाला कशात थांबायला सांगतो हे त्यालाही कळावं म्हणून हे लिहिलं.

‘खिडकी उघडी ठेवा की’ असं म्हणणारे भेटतात. माणसाची कातडी साधारण पस्तीस अंशांची. बाहेरची हवा पंचेचाळीसची. ती हवा अंगावरून जोरात गेली की अंगातली उष्णता काढून घेत नाही, अंगात घालते. मग थंडावा उरतो तो फक्त घामाचा. घाम तासाला लिटरभरही जाऊ शकतो आणि तो भरून काढायला तेवढं पाणी प्यावं लागतं, मीठही पोटात जावं लागतं. आता खरं सांगा, समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांत ट्रक उभा करून लघवीला जाता येईल अशा सावलीच्या जागा किती दिसतात? पाणी प्यायलं की थांबावं लागतं, थांबलं की फोन येतो, म्हणून ड्रायव्हर पाणीच पीत नाही. मुतखड्याची बीमारी ड्रायव्हरांत घरोघर का असते, याचं उत्तर डॉक्टरकडे जायच्या आधी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मिळेल.

कोकणातल्या मालकांनी ‘आमच्याकडे काही पंचेचाळीस होत नाही’ म्हणून सुटका मानू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला आलेली १४ माणसं उन्हाने गेली, तेव्हा पारा अडतिसाच्या आसपास होता. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. जो घाम वाळत नाही तो अंग थंड करत नाही. त्या मैदानाच्या शेजारीच कळंबोली आहे, जिथे लोखंडाच्या कॉइली घेऊन गाड्या उभ्या असतात. पुढे न्हावा शेवा, जिथे कंटेनर आत घ्यायला रांग लागली की ती हलत नाही. विदर्भात निदान ओल्या गमछ्याचा उपयोग होतो. बंदराच्या रांगेत तोही होत नाही. त्यामुळे तिथे चाळिशीची वाट बघणार नाही. छत्तीसच्या वर पारा आणि उभी रांग असेल तर ड्रायव्हर केबिनमधून उतरून सावलीत बसेल, आणि रांग पुढे सरकली म्हणून हॉर्न वाजवणाऱ्याने तो हॉर्न स्वतःसाठी ठेवावा.

आता एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात जास्त झोंबते. नाशिकची द्राक्षं निर्यातीला निघतात तेव्हा आधी प्रीकूलिंग होतं, मग रीफर कंटेनर शून्य-एक अंशावर लावतात. आत तापमान टिपणारं यंत्र असतं. वाटेत पारा वर गेला तर परदेशातला घेणारा माल नाकारतो, म्हणून मालक दर दोन तासांनी विचारतो, ‘टेंपरेचर किती?’ त्याला द्राक्षांचं विचारायचं असतं. द्राक्षांच्या पेटीपासून हातभर पुढे, पत्र्याच्या एका भिंतीपलीकडे, पन्नाशीत बसलेल्या माणसाचं टेंपरेचर त्याने कधी विचारल्याचं ऐकिवात नाही. लसींच्या गाडीचंही तेच, आइस्क्रीमच्या गाडीचंही तेच. लडाखच्या थंडीत डिझेल गोठतं म्हणून २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल बाजारात आलं. चांगलंच झालं. पण डिझेलची एवढी काळजी घेणाऱ्या देशाला ते डिझेल जाळणाऱ्याचीही घेता येते.

सरकारने काहीच केलं नाही असं आम्ही म्हणणार नाही. नागपूरचेच खासदार असलेले रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी २०२३ मध्ये उघडपणे बोलले की ट्रकची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे. त्याच वर्षी नियमाचा मसुदा आला, डिसेंबरात अधिसूचना निघाली, आणि जून २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना, म्हणजे एन-२ आणि एन-३ वर्गाला, एसी केबिन सक्तीची झाली. व्होल्व्होसारख्या गाड्यांत ती वीसेक वर्षांपूर्वीपासून होती. बाकीच्यांना तिथे पोचायला कायदा लागला. असो. कायदा आला हे बरं झालं.

पण मालक, तुम्ही या कायद्याच्या आड लपू नका. तो नव्या गाडीला आहे. तुमच्या वाड्यातल्या दहा गाड्यांपैकी नवी किती? दहा-बारा वर्षांची गाडी तुम्ही अजून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला विकता आणि तो ती आणखी तितकीच वर्षं पळवतो. आज मे महिन्यात रस्त्यावर जी तापते ती हीच गाडी. आणि जी नवी आहे तिच्या एसीचं काय होतं तेही सांगतो, कारण मंत्र्यांना कदाचित कोणी सांगितलं नसेल. फेरीला डिझेल मोजून मिळतं. गाडीचं एव्हरेज मालकाच्या मोबाइलवर दिसतं. एसी लावला की एव्हरेज थोडं उतरतं, आणि उतरलेलं एव्हरेज ड्रायव्हरच्या हिशेबात येतं; ‘डिझेल मारलंस’ हा आळ वर. म्हणून एसीची गाडी असूनही ड्रायव्हर काचा खाली करून घामाघूम चालवतो. काही ठिकाणी तर एसीचा फ्यूजच काढून ठेवलेला असतो. कायद्याने गाडीत एसी बसवला. तो चालू करायची मुभा अजून मालकाच्या वहीत अडकली आहे. म्हणून आमची पहिली अट हीच: एप्रिल, मे आणि जूनच्या फेऱ्यांत एसीचं डिझेल वेगळं लिहा. बिल्टी करताना लिहा, फेरी झाल्यावर भांडू नका. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दोन-तीन लिटर डिझेल खातं हे आम्हालाही कळतं. इंजिन चालू ठेवून झोपायची आमचीही हौस नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी मिळतात. चोवीस व्होल्टवर चालतात, बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद होतात, सकाळी स्टार्टर मारायला करंट उरतो. लांब पल्ल्याच्या गाडीला तो बसवा आणि डिझेलचा हिशेब करून बघा.

जुन्या गाडीला एसी बसवा असा आमचा हट्ट नाही. परवडत नसेल तर नका बसवू. पण छपरावर पांढरा रंग द्यायला कोणता मोठा खर्च येतो? छपराच्या आतून इन्सुलेशनची शीट आणि त्यावर फॉलसीलिंगचं रेक्झिन. बोनटखाली उष्णता अडवणारी मॅट. गिअरच्या बुडाचं नवं रबर. छपराला उघडता येईल असं झरोक्याचं झाकण. चोवीस व्होल्टचे दोन पंखे, एक ड्रायव्हरला आणि एक क्लीनरला. आणि उभ्या गाडीच्या समोरच्या काचेला आतून लावायचा चकचकीत पडदा. अमरावतीच्या किंवा वाडीच्या कोणत्याही बॉडीवाल्याकडे हे काम दोन दिवसांत उरकतं. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेत छपरावर बसवायचा छोटा पाण्याचा कूलरही चालतो. मुंबईच्या गाडीला तो बसवून पैसे वाया घालवू नका. काचेला काळी फिल्म चिकटवायची कल्पना कोणी सुचवेल, तिच्यावर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. ते झंझट ड्रायव्हरच्या गळ्यात घालू नका, आरटीओ त्यालाच पकडतो.

ज्या कारखान्यांत आम्ही माल भरतो आणि खाली करतो, त्यांच्याशी आमचं वेगळं बोलणं आहे. गडचांदूर-राजुऱ्याच्या सिमेंट पट्ट्यात, घुग्घूसच्या कोळशाच्या सायडिंगवर, भिवंडीच्या गोदामांत, सगळीकडे चित्र एकच. आत एसी ऑफिस, बाहेर वजनकाटा, आणि काट्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत उन्हात उभी गाड्यांची रांग. नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. गाडी सोडून गेलं की नंबर जातो. म्हणजे तुम्ही माणसाला तापलेल्या पत्र्याला बांधून ठेवता. बांधायला दोरी लागत नाही, टोकन पुरतं. तर आता ऐका. गेटच्या आत शेड, पिण्याचं थंड पाणी, संडास-मोरी आणि मोबाइलवर नंबर कळवायची सोय ३१ मार्चपर्यंत करा. ज्या गेटवर ती नसेल तिथे आमची गाडी सकाळी अकराच्या आधी किंवा संध्याकाळी पाचच्या नंतरच लागेल. मधल्या वेळेत आलेला ड्रायव्हर रांगेत गाडी उभी करून स्वतः सावलीत बसेल आणि नंबर गेला म्हणून त्याला मागे पाठवलंत, तर त्या गेटला दुसऱ्या दिवशी गाडीच येणार नाही. उशिराचा दंड भाड्यातून कापलात तर पुढच्या फेरीला तुमची बिल्टी घेणार नाही. हॉल्टिंगही मागू, आणि ते ऊन मोजून मागू.

कामाच्या तासांचं म्हणाल तर १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस लिहिले होते, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती, आणि जिथे रात्री मुक्काम पडतो तिथे हवेशीर, उजेडाची, स्वच्छ विश्रांतीची खोली लिहिली होती. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत गेला. त्या खोलीत झोपलेला आमच्यापैकी कोणी अजून आम्हाला भेटलेला नाही. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी झोपायची-आंघोळीची सोय केली आहे, ती चांगली आहे आणि तशी आणखी व्हायला हवी. पण जिथे गाडी उभी करायची परवानगीच मालक देत नाही, तिथे पलंग असून काय उपयोग?

जिल्हाधिकाऱ्यांनाही दोन शब्द. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, त्यानंतर आपल्याही शहरांनी केले. नागपुरात दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, दुचाकीवाल्याला दोन मिनिटं उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. त्याच शहराच्या नाक्यावर ट्रकवाला तासन्‌तास उभा असतो. तुमच्या आराखड्यात ट्रक टर्मिनल, वजनकाटे आणि कारखान्यांची गेटं घाला, आणि पासिंगच्या वेळी ब्रेक-लाइटसोबत केबिनचं छप्पर आणि बोनटची मॅटही तपासा. दुपारी काम थांबवलं की अर्थव्यवस्था बुडते असं ज्यांना वाटतं त्यांनी दुबईकडे बघावं. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली कामं कायद्याने बंद असतात, आणि तिथल्या इमारती काही कमी उंच झालेल्या नाहीत.

हा इशारा एकाच बाजूला नाही. ड्रायव्हर भावांनो, आता तुमची पाळी, आणि इथे आम्ही मालकांपेक्षा जास्त कडक बोलणार आहोत, कारण मालक फार तर पैसे गमावतो.

उभ्या गाडीत काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरला कुठे तडा असेल, जोड सैल असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, तुम्हाला वाटतं जागरणाने होतंय, आणि तुम्ही आणखी गाढ झोपता. हिवाळ्यात हाच प्रकार शेगडीने होतो. लासलगावचा कांदा घेऊन दिल्ली-पंजाबला जाता, सफरचंदं आणायला काश्मीरला जाता, रामबनला बर्फ किंवा दरड आली की दोन-दोन दिवस घाटात अडकता. थंडी हाडांत शिरते हे मान्य. म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसचा चुला केबिनमध्ये पेटवून काचा लावून झोपणं म्हणजे सकाळी दुसऱ्याने दार फोडून तुम्हाला बाहेर काढणं. जाड गोधडी, स्लीपिंग बॅग, कानटोपी, लोकरीचे मोजे, खाली पुठ्ठ्याचा थर, आणि एक काच बोटभर उघडी. बाजारात स्वस्त डिझेल हीटर आले आहेत. त्याच्या धुराची नळी केबिनच्या बाहेर, घट्ट जोडलेली आणि खिडकीपासून लांब काढता येत नसेल तर तो हीटर घेऊ नका. ज्याच्या गाडीत थंडीसाठी शेगडी पेटलेली दिसेल, त्याची शेगडी पाणी ओतून विझवायचा अधिकार शेजारच्या गाडीवाल्याला आहे असं आम्ही ठरवलं आहे. राग आला तर सकाळी भांडा. सकाळी भांडायला तुम्ही असणार हीच त्यातली गंमत.

गाडीखाली झोपायचं बंद करा. सावली असते, चासीला झोळी बांधता येते, वारा लागतो, सगळं खरं. पण शेजारचा माणूस गाडी मागे घेतो तेव्हा त्याला तुम्ही दिसत नाही. आणि स्वतःची गाडी काढणाऱ्याने, कितीही घाई असो, एकदा वाकून चारी बाजूंनी खाली बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नये. क्लीनरला बघायला सांगणं पुरेसं नाही, कारण बऱ्याचदा खाली झोपलेला तोच असतो.

बीएस-६ गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ साफ होताना तिथला धूर पाचशे-सहाशे अंशांवर असतो आणि उन्हाळ्यात गवताला ठिणगीची गरज लागत नाही. पाच किलोचा सिलिंडर बंद केबिनमध्ये ठेवून जेवायला जाऊ नका. दुपारी बारा-चारच्या थांब्यात दारू घ्यायची नाही, तिने अंगातलं पाणीच जातं. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, विशेषतः लघवी जास्त होणारी, त्यांनी मार्चमध्येच डॉक्टरला विचारून ठेवावं. पाणी तहान लागण्याआधी प्या. ओआरएसची पाकिटं गाडीत असू द्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट चमचे, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका. आणि कृपा करून, चाकावर पाणी मारून गाडी थंड झाली म्हणून स्वतः कोरडे राहू नका. आधी डोक्यावर, मग टायरवर.

एक गोष्ट क्लीनरला शिकवून ठेवा, कारण वेळ आली तर तीच तुम्हाला वाचवेल. ड्रायव्हर वेडंवाकडं बोलू लागला, रस्ता चुकू लागला, गिअर विसरू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, मग घाम येत असो की नसो, तो उष्माघात आहे. शरीराचं तापमान चाळिशीपार गेलं की मेंदूवर परिणाम होतो. अशा वेळी आधी दवाखाना शोधत पळायचं नाही. गाडी बाजूला, माणूस सावलीत, कपडे सैल, सगळ्या अंगावर पाणी, गमछ्याने वारा, बर्फ किंवा थंड बाटल्या काखांत, मानेला आणि जांघांत; आणि त्याच वेळी १०८ ला फोन. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही. थंड करणं सुरू ठेवूनच न्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. क्रोसिनने ही उष्णता उतरत नाही. दहा-पंधरा मिनिटं इथे आयुष्याएवढी असतात आणि त्या वेळी शेजारी असतो तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला आपण टायर बदलण्यापलीकडे काही शिकवलेलं नसतं. (सोळा-सतरा वर्षांचा असू नये, हेही मालकांनी ऐकावं.)

थांब्याचे नियम आमच्यासाठीही तितकेच कडक आहेत. बाराच्या आधी जागा धरा. गाडी महामार्गाच्या कडेला, शोल्डरवर उभी करायची नाही. मागून येणारा धडकला तर आमचा सगळा इशारा त्याच्या घरच्यांसमोर मातीमोल. पंप, ढाबा, ट्रक टर्मिनल, नाहीतर गावाबाहेरची मोकळी जागा. दूध, औषधं, रुग्णालयाचा ऑक्सिजन आणि जिवंत जनावरं नेणाऱ्या गाड्या थांबणार नाहीत. त्यांच्यासोबत पाळी बदलायला दुसरा ड्रायव्हर असला पाहिजे आणि तो देणं मालकाचं काम. चारनंतर निघालेली गाडी वेळ भरून काढायला ऐंशीच्या वर पळवायची नाही. तसं करणाऱ्याची गाडी पुढच्या ढाब्यावर आम्हीच अडवू.

मालक म्हणतील, ‘एवढं होतं तर दुसरा ड्रायव्हर बघतो.’ बघा. आधी शोधून बघा. तुमच्याच वाड्यात किती गाड्या ड्रायव्हर नाही म्हणून उभ्या आहेत ते मोजा. आमची पोरं ट्रकवर यायला तयार नाहीत आणि आम्हीही त्यांना या म्हणत नाही. जे अजून चालवतात त्यांच्यात हे काम जमणारे दुसरे मिळतील, पण त्यांनीही हा इशारा वाचलेला असेल.

३१ मार्चला संध्याकाळपर्यंत ज्या मालकांच्या गाड्यांचं छप्पर, बोनट, पंखे आणि एसीच्या डिझेलची नोंद झाली असेल, त्यांनी गाडीच्या डाव्या दारावर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा मारावा. ती गाडी दुपारी चालेल, तिला कोणी अडवणार नाही. ज्या कारखान्यांनी शेड उभी केली असेल त्यांनी गेटवर पाटी लावावी आणि फोटो ट्रान्सपोर्टवाल्यांना पाठवावा; तिथला नंबर आधीसारखाच दिवसभर लागेल. बाकीच्यांनी आपल्या पार्टीला आजच कळवून ठेवावं की एप्रिलपासून माल चार-पाच तास उशिरा येईल, आणि भाडं ठरवताना तो वेळ धरूनच ठरवावं.